घरी शिकणाऱ्या मुलांचा दिवस कसा जातो? 'कितवीत आहेस?' याला काय उत्तर देता?

नवरंग

नमस्कार. मी पंधरा वर्षांची आहे, पुण्यात कोथरूडला राहते. सहावीनंतर शाळा सोडली. घरी शिकण्याचं हे चौथं वर्ष. हे खातं आईचं आणि माझं मिळून आहे, त्यामुळे आईसुद्धा सगळं वाचणार आहे.

मागच्या रविवारी मामेबहिणीचा साखरपुडा होता. दोन तासांत अकरा जणांनी विचारलं, "कितवीत गं तू?" पहिल्या तिघांना मी खरं ते सांगितलं. त्यातल्या एका काकांनी तिथल्या तिथे सतराचा पाढा म्हणायला लावला. चौथ्या आजींना मी नुसतं "दहावीत" म्हटलं. त्या खूश झाल्या, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "महत्त्वाचं वर्ष. अभ्यास कर हो बाळा." ते खोटं नव्हतं, एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी मी देतेच आहे. पण घरी येईपर्यंत मला कसंतरीच होत होतं. चार वर्षं मी जे केलं, ते त्या एका शब्दात कुठेच नव्हतं.

माझा दिवस सांगते. सकाळी सव्वासहाला बाबा आणि मी वेताळ टेकडीवर जातो. पावसाळ्यात तिथे नवरंग पक्षी येतो. सकाळी आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो, दिसत मात्र लवकर नाही. माझी एक वही आहे. तारीख, वेळ, शीळ कुठल्या बाजूने आली, पाऊस होता का, असं लिहिते. यंदा पहिली शीळ ८ जूनला ऐकली. परत येतो तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी शाळेची व्हॅन उभी असते आणि कोणीतरी एका हातात बूट घेऊन धावत असतं. मग दोन तास गणित, कारण ते मला सकाळीच जमतं. अकरानंतर सगळी बिल्डिंग शांत होते, नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. दुपारी चित्रं नाहीतर वाचन. मंगळवारी आणि शुक्रवारी आजीबरोबर मंडईत.

चार ते साडेपाच हा वेळ मला सगळ्यात जड जातो. शाळा सुटलेल्या असतात, पण माझ्या वयाची मुलं थेट क्लासला जातात. सातवीच्या पुढचं कोणी खाली खेळायला येतच नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्यापैकी कोणी घरी शिकलं असेल, किंवा तुमची मुलं शिकत असतील, तर त्यांचा दिवस कसा असतो? आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला पाचही विषय द्यावेत की तीन? माझे विषय मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला.

शेवंती

किती छान लिहितेस गं! नवरंगची वही बघायला आवडेल. बाकीचं जाणकार सांगतीलच.

कुळीथ

सतराचा पाढा आला का पण?

नवरंग

आला. तेविसाचा विचारला असता तर पंचाईत होती.

जुनी पाटी

मुली, तुझं लिहिणं नेटकं आहे आणि टेकडीचं वर्णन मनापासून आवडलं. पण मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, म्हणून मला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहितो. राग मानू नकोस.

शाळा म्हणजे फक्त गणित-विज्ञान नव्हे. माझ्या वर्गात सरपंचाचा मुलगा आणि ऊसतोडीला जाणाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसायचे. दिवाळी झाली की दुसऱ्याचं कुटुंब कारखान्यावर जायचं आणि बाकाची एक बाजू एप्रिलपर्यंत रिकामी राहायची. सरपंचाच्या पोराला ती रिकामी जागा रोज दिसायची. ते शिक्षण घरी कसं मिळणार? घरी शिकणाऱ्या मुलाला आईवडील ज्यांना घरात घेतात तीच माणसं भेटतात.

दुसरं असं. आईवडिलांपैकी एकाला घरी थांबणं परवडतं, घरात पुस्तकं आहेत, आजी आहे, तिथे हे जमतं. माझ्या गावात 'मूल घरी शिकतं' असं कोणी म्हणालं की मला भीती वाटायची. त्याचा अर्थ मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा मुलगा शेळ्या राखतो, एवढाच असायचा. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. आम्ही शिक्षक दारोदार हिंडलो, मुलांच्या बोटांना शाई लावली. एका वीटभट्टीवर सात वर्षांची पोर मला म्हणाली, "शाई लावली म्हणजे आता शाळेत घेणार का?" तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. शाळा हातात असताना सोडणाऱ्यांविषयी वाचलं की मला आधी ती आठवते.

भटकी पावलं

जुनी पाटी सर, त्या शनिवारी मी आतल्या बाजूला उभा होतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा, ठाण्यात घरी शिकत होतो. दारावर दोन शिक्षिका आल्या, घामाघूम झालेल्या. आईने त्यांना पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या कागदावर आमच्यासाठी रकानाच नव्हता. मूल शाळेत जातं की नाही, एवढंच विचारलं होतं. मोठ्या बाईंनी माझ्या टेबलावरचा अर्धवट जोडलेला रेडिओ बघितला, थोडा वेळ त्याच्याविषयी विचारलं आणि मग माझी नोंद 'शाळाबाह्य' अशी केली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण रात्रभर बोटाच्या शाईकडे बघत होतो.

नवरंग, माझं पुढे काय झालं ते सांगतो, कारण पंधराव्या वर्षी मला तेच ऐकायचं होतं. एनआयओएसमधून दहावी, मग तिथूनच बारावी, मग साध्या कॉलेजातून बीएस्सी. आज चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. अभ्यासाची अडचण कधीच आली नाही, कागदांची आली. शाळा सोडल्याचा दाखला नीट जपून ठेव. मूळ प्रत आणि चार साक्षांकित प्रती. मी पाचवीत शाळा सोडली तेव्हा आईने तो कुठेतरी फाईलमध्ये ठेवला. पुढे जातीचा दाखला काढायची वेळ आली तेव्हा तोच मागितला आणि आम्ही माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या.

विषयांचं म्हणशील तर तीनच दे. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. पास झालेला विषय जमा राहतो, तो पुन्हा द्यावा लागत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात. ही सोय आहे तर तिचा उपयोग कर. मी सगळे विषय एकदम दिले, कारण शाळेतल्या मित्रांबरोबर 'दहावी झालो' म्हणायचं होतं. गणितात जेमतेम सुटलो.

चंद्रकोर

पण एनआयओएस केलं की मेडिकलची दारं बंद होतात ना? आमच्या ओळखीत एकांनी याच कारणासाठी मुलाला परत शाळेत घातलं.

भटकी पावलं

ती भीती २०१८ मधली. तेव्हा मेडिकलच्या 'नीट' या प्रवेशपरीक्षेसाठी मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र ठरवणारी अट आली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. त्यामुळे त्या एका कारणासाठी कोणी निर्णय बदलू नये.

गोदाकाठ

हाय नवरंग. मी चौदा वर्षांचा आहे, नाशिकला असतो. मीपण घरीच शिकतो, पाचवीपासून. हे बाबांच्या खात्यावरून लिहितोय.

'कितवीत आहेस'ला माझं ठरलेलं उत्तर आहे: "गणित नववीचं, इतिहास कॉलेजचा, हिंदी पाचवीचं." ऐकणारा हसतो आणि पुढचा प्रश्न पक्षी किंवा किल्ल्यांवर येतो. हे खरंही आहे. हिंदी माझं खरंच पाचवीचं आहे.

माझा दिवस असा: सकाळी साडेपाच ते सात पोहणं, मग नाश्ता, मग झोप (आईला ही झोप मान्य नाही), दहापासून अभ्यास, दुपारी सायकल दुरुस्ती. वेळापत्रक मी दर सोमवारी करतो आणि बुधवारी मोडतो. चार वाजता मलाही कंटाळा येतो. मी त्या वेळात सायकल काढून निघतो, कारण घरात बसलं की व्हॅन परत येताना दिसते.

मला सगळ्यात जास्त राग शालेय स्पर्धांचा येतो. जिल्ह्याच्या शालेय जलतरण स्पर्धेच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागतो. माझी वेळ तिथल्या दुसऱ्या नंबरच्या मुलापेक्षा चांगली आहे, तरी मी काठावर बसून बघितलं. आता फक्त जलतरण संघटनेच्या स्पर्धांत उतरतो. बसच्या पासाचंही तसंच, शाळेचं बोनाफाईड आणा म्हणतात. मी कुठून आणू?

पिट्सबर्गची मावशी

गोदाकाठ, तुझं वाचून वाईट वाटलं रे. आम्ही पेनसिल्व्हेनियात आहोत आणि इथे २००६ पासून घरी शिकणारी मुलं त्यांच्या भागातल्या सरकारी शाळेच्या संघातून खेळू शकतात. माझी लेक तशीच धावायच्या संघात आहे.

पण त्याबरोबर इथे कागदपत्रंही भरपूर आहेत. दर वर्षी १ ऑगस्टच्या आत नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. वर्षाचे १८० दिवस भरायचे नाहीतर मोठ्या मुलांना ९९० तास. काय वाचलं त्याची नोंद ठेवायची, नमुन्यांची फाईल करायची आणि ३० जूनपर्यंत ती एका पात्र मूल्यमापकाला दाखवायची. राज्यागणिक नियम वेगळे. टेक्सासमधल्या आमच्या मित्रांना यातलं जवळपास काहीच करावं लागत नाही. पहिल्या वर्षी मला या फाईलचा जाच वाटला होता. आता वाटतं, बरं झालं. मूल्यमापक बाई माझ्या मुलीशी तासभर बोलतात. घराबाहेरचं एक मोठं माणूस वर्षातून एकदा तिचं काम मन लावून बघतं. जुनी पाटी सरांना जी भीती वाटते, त्यावर हा एक उपाय असू शकतो.

चार वाजताच्या प्रश्नाला आमच्याकडे गट असतात. वीसेक घरं गुरुवारी ग्रंथालयात जमतात. एक बाबा रसायनशास्त्र घेतात, मी स्वयंपाक आणि मोजमापं घेते. थालिपीठ लावायला शिकलेली सहा अमेरिकन मुलं आहेत माझ्याकडे!

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत हा धागा निघालाच नसता. इथे शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. ऐकलं नाही तर पालकांना दंड होतो. मुलगा न सांगता गैरहजर राहिला तर नऊच्या आत शाळेतून फोन येतो. गणपतीला भारतात यायचं म्हणून आठवडाभर सुट्टी मागितली तर मुख्याध्यापिकेने भेटायला बोलावलं होतं.

चंद्रकोर

मग आपल्याकडे कायद्याने चालतं का नक्की?

भटकी पावलं

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, ६ ते १४ वर्षांसाठी. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. पण ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा असं त्यात काही नाही. घरशिक्षणाला मान्यता आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. आपण त्या मधल्या जागेत आहोत. म्हणूनच दारावर कोणी आलं की आईच्या पोटात गोळा यायचा.

तानपुरा

महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावीही बाहेरून देता येते, हेही नमूद करते. पुण्यात राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्यांच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा असतात. माझ्या मुलीला गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या गाण्याच्या परीक्षा देताना कोणी शाळा विचारली नाही. तिथे विचारतात ते एवढंच, "ताई, तानपुरा जुळवलाय का?"

आंबेमोहर

२०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावी न करता थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, ते आठवतं का? संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिला तीन पदकं होती. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं, ते दार तिथे उघडलं. तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलांनी कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

वाटसरू

आंबेमोहर, तुमचा हेतू चांगला आहे, पण त्या मुलीचं उदाहरण आमच्या घरात इतक्यांनी दिलं की माझ्या मुलाने एकदा विचारलं, "बाबा, पदक नाही मिळालं तर मी परत शाळेत जायचं का?"

आमचं थोडं सविस्तर लिहितो. घरी शिकणाऱ्यांच्या गोष्टीत हा भाग फारसा कोणी सांगत नाही.

मुलगा आठवीत होता. सकाळी सात वाजले की त्याला उलटी व्हायची. डॉक्टर झाले, पोटाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत उलटी थांबली, शाळा उघडली तशी परत सुरू झाली. वर्गातली तीन-चार मुलं त्याच्या बोलण्यातल्या अडखळण्याची नक्कल करायची आणि एक सरही त्यात हसायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. डिसेंबरात आम्ही त्याला काढला.

मला वाटलं होतं, सोमवारपासून घरी अभ्यास सुरू होईल. मी वेळापत्रक छापून भिंतीवर लावलं होतं. त्याने पाच महिने काहीही केलं नाही. बारापर्यंत झोपायचा. उठून गॅलरीत बसायचा. मी ऑफिसातून दोन वेळा फोन करायचो, "काय वाचलंस?" तो म्हणायचा, "काही नाही." बायको मला म्हणाली, "त्याला उतरू दे. चढायला आठ वर्षं लागली आहेत." मला पटत नव्हतं. भावाशी, आईशी भांडणं झाली. रात्री मी एकटाच स्वयंपाकघरात बसून राहायचो.

मे महिन्यात कैरीची चटणी वाटताना मिक्सर बंद पडला. दुकानदार म्हणाला, मोटर गेली, नवा घ्या. पोरगा माझ्या हातातून मिक्सर घेऊन गेला. वर्तमानपत्र पसरलं, चार स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, तळ उघडला. दोन तासांनी मला हाक मारली. त्याच्या तळहातावर कोळशाचे दोन बारके तुकडे होते, झिजून नखाएवढे उरलेले. "बाबा, हे कार्बन ब्रश. मोटर चांगली आहे. हे झिजल्यामुळे टेकत नाहीत." एवढं लांब वाक्य तो कितीतरी दिवसांनी बोलला होता आणि एकदाही अडखळला नाही. नव्या ब्रशची जोडी चाळीस रुपयांना मिळाली. संध्याकाळी चटणी झाली.

त्यानंतर आमच्या जिन्यावरचे सगळे मिक्सर, इस्त्र्या, पंखे त्याच्याकडे आले. विजेचं गणित त्याला हवं म्हणून तो शिकला. एनआयओएसची दहावी दोन खेपांत केली, आता सतरा वर्षांचा आहे आणि औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. तिथे वर्ग आहे, सर आहेत, हजेरी आहे. तो रोज जातो.

नवरंग बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात थेट नाही. पण वेळापत्रकाविषयी माझा अनुभव असा की भिंतीवर लावलेला कागद माझ्या जिवाला बरा वाटावा म्हणून होता.

शेवंती

वाटसरू, वाचता वाचता डोळे भरले. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

पिट्सबर्गची मावशी

"त्याला उतरू दे." हे वाक्य मी फ्रिजवर लिहून लावते आहे.

कुळीथ

माझाही मिक्सर घरघर करतोय. तुमचा जिना कुठला?

वाटसरू

धायरी. रविवारी घेऊन या, खरंच. तो पैसे घेत नाही, शेंगदाण्याची चिक्की चालते.

रुखवत

विषय निघालाय म्हणून विचारते, घरी शिकणाऱ्या मुलांना दुपारी गरम पोळी मिळते का हो? मी आठवी ते दहावी रोज गार पोळी आणि गुळांबा खाल्लाय.

नवरंग

मिळते. आजी तव्यावरची वाढते. पण मला डब्याची आठवण येते. सहावीत आम्ही पाच जणी डबे मध्ये ठेवून खायचो. एकीच्या डब्यात कायम कारळ्याची चटणी असायची, तेलाचा डाग माझ्या भूगोलाच्या वहीवर अजून आहे. तसली चटणी आमच्याकडे कोणी करत नाही.

रुखवत

अगं मग बोलाव की तिला. डबा घेऊन.

जुनी पाटी

दोन दिवस हा धागा वाचतो आहे. वाटसरू, तुम्ही ज्या सरांविषयी लिहिलंत, त्यांच्या वतीने एक शिक्षक म्हणून मी तुमच्या मुलाची माफी मागतो. अशा ठिकाणाहून मूल काढलंत ते योग्यच केलंत.

माझं मूळ म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही. सगळ्या जाणत्या पालकांनी मुलं काढून घेतली तर शाळा सुधारा म्हणून मागे कोण लागणार? गावात ज्या आईला लिहिता येत होतं, तीच आमच्या शाळेतल्या गळक्या छपराचा अर्ज पंचायत समितीत घेऊन जायची. अशी आई कमी झाली की बाकीच्या साठ मुलांचं छप्पर गळतच राहतं.

भटकी पावलं, तुमच्याकडे आलेल्या बाईंच्या कागदावर रकाना नव्हता, ते मात्र मनाला लागलं. माझ्याही नव्हता.

नवरंगची आई

मी नवरंगची आई. सर, तुमचा छपराचा मुद्दा मला टोचला आणि टोचायला हवाच होता. आम्ही शाळा सोडली तेव्हा शाळेशी भांडण नव्हतं. वर्गात अडुसष्ट मुलं, बाई चांगल्या, पण ही प्रश्न विचारायची तेव्हा तास संपायचा. तिने स्वतः सांगितलं, "मला घरी शिकून बघू दे." आम्ही एक वर्ष म्हणून सुरुवात केली. दर मे महिन्यात तिला विचारतो, जूनला शाळेत जायचं का. अकरावीला कॉलेजात जायचं तिने ठरवलं आहे.

जे आमच्याकडे आहे ते आमच्यापुरतं राहू नये, असं मात्र मला वाटतं. शनिवारी ती आमच्या पोळ्यावाल्या ताईंच्या दोन्ही मुलांना विज्ञान दाखवते, अरविंद गुप्तांच्या साइटवरची टाकाऊतली खेळणी करून. आगपेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या रिफिली. धाकटा महापालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. त्याने तिथे जाऊन वर्गाला पंप करून दाखवला. हे फार थोडं आहे, मला माहीत आहे.

जुनी पाटी

थोडं नाही ताई. मुलाने वर्गाला करून दाखवला ना? मग झालं.

नवरंग, मराठीची स्वाध्यायपत्रं, ती काय टीएमए म्हणता ती, लिहिलीस की मला पाठव. वीस टक्के गुण त्यालाच असतात असं ऐकतो. शुद्धलेखन मी तपासून देईन, लाल पेन अजून आहे.

गोदाकाठ

सर माझी हिंदीची पण तपासाल का?

जुनी पाटी

पाठव. पाचवीपासून सुरू करू.

नवरंग

सगळ्यांचे आभार. सर, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "बरोबर बोलतायत." आणि वाटसरू काकांचं वाचून झाल्यावर पण "बरोबर बोलतायत" म्हणाली. मलाही दोन्ही पटलं.

एक राहिलंच सांगायचं. २८ फेब्रुवारीला आम्ही खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या त्या जाळीदार दुर्बिणी बघायच्याच होत्या. नावनोंदणीच्या वहीत 'शाळेचं नाव' असा रकाना होता आणि मागे जुन्नरकडच्या एका शाळेची पन्नास मुलं उभी. मी पेन धरून थांबले. मागच्या मुलीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "आमच्या शाळेचं टाक की, कोण बघतंय?" मग आम्ही दोघी अख्खा दिवस बरोबर फिरलो. तिच्या गावाला बिबट्या येतो, ती त्याचे ठसे ओळखते. आम्ही एकमेकींना अजून पत्र लिहितो, कारण तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. सर म्हणतात तशी बाकावरची माणसं मला रोज भेटत नाहीत, हे खरं आहे. पण चार वाजताच्या वेळात मी आता तिला पत्र लिहिते. काल कारळ्याच्या चटणीवालीलाही फोन केला. तिला गुरुवारी क्लास नसतो.

विषयांचं ठरलं. ऑक्टोबरला मराठी, इंग्रजी आणि चित्रकला. गणित आणि विज्ञान एप्रिलला. परीक्षेची फी आज बाबा भरतायत.

भटकी पावलं

उत्तम. विज्ञान आणि चित्रकलेच्या प्रॅक्टिकलची तारीख लेखी परीक्षेच्या आधी येते, अभ्यासकेंद्रावर स्वतः जाऊन विचार. फोनवर विसंबू नकोस.

गोदाकाठ

आम्ही २६-२७ला पुण्यात आत्याकडे येतोय. टेकडीवर नवरंग दाखवशील का? बाबा पण येतील.

नवरंगची आई

या की. रविवारी २७ला सकाळी सहाला एआरएआयच्या रस्त्याने वर, तिथल्या पार्किंगपाशी आम्ही तिघं असू. वाटसरू, तुमच्या मुलालाही सुट्टी असेल तर पाठवा. गडद रंगाचे कपडे, बूट, पाण्याची बाटली. घरट्याच्या बाजूला जाणार नाही, लांबूनच ऐकायचं आहे. उतरल्यावर आमच्याकडे पोहे.

वाटसरू

येतो म्हणाला. विचारतोय, तुमच्याकडे काही बिघडलंय का?

नवरंग

आजीची इस्त्री!